विचारणाऱ्याची जागा

प्रिय ताई,

तू फोन रागाने ठेवलास, म्हणून लिहायला बसले. पत्र मधेच तोडता येत नाही, तेवढाच माझा फायदा.

आधी एक गंमत सांगते. ‘असले विषय आपल्या घरात बोलत नाहीत’ असं तू म्हणालीस. दादाही तेच म्हणतो. पण आईचं आणि चष्मेवाल्यांचं कळल्यापासून आपण तिघं भावंडं दुसरं काय बोललो गं? बाबा गेल्यावर आपले फोन वाढदिवसापुरते उरले होते. आता दादा ऑफिसच्या जिन्यात येऊन कुजबुजतो, “आज गेली होती का?” न बोलायच्या विषयाने आपल्याला इतकं बोलकं केलं, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

सुरुवात साधीच होती. आईच्या चष्म्याचा स्क्रू सैल झाला, चष्मेवाल्यांनी बसवून दिला. पुढच्या आठवड्यात पुन्हा सैल. मग तो नेमाने सैल व्हायला लागला. मला वाटलं, फ्रेमच वाईट. नवी घ्यायला निघाले तर आई केवढी खवळली!

आपलं पायपुसणं आठवतं ना? उशिरा येणारीने त्यावर चपला घालूनच उभं राहायचं, कुठे होते, कोणाबरोबर होते ते सांगायचं, मगच आत. विचारणार आई, उभ्या आपण दोघी. दादाला कधी कुणी उभं केलं नाही, हे मला आत्ता लिहिताना सुचतंय. तर परवा आईला उशीर झाला. दादा आम्हा दोघींकडे आलेला होता. त्याने दारातच विचारलं, “कुठे होतीस?” आणि ताई, आई आपसूक पायपुसण्यावर थांबली. पंच्याहत्तरीला आलेली बाई, खांद्याला पर्स, पायात चपला. दादा म्हणाला, “करता तरी काय तुम्ही दोघं इतका वेळ?” आई शांतपणे म्हणाली, “सांगते की. पण आधी तू सांग, तू आणि सूनबाई काय करता. मग माझी पाळी.” दादा लालबुंद. उठून पंखा लावायला गेला, पंखा चालूच होता!

मी हसू दाबलं, पण मग माझाही दवाखाना डोळ्यांपुढे आला. मी रोज बायकांना हेच विचारते. संबंध येतात का, कोणाशी, त्रास होतो का. मी खुर्चीत, ती टेबलावर आडवी. ती सांगते, मी पेन चालवते. मला उलट कुणी विचारत नाही. औषध द्यायचं तर विचारावं लागतंच, ते मला कळतं. पण आईला आपण कुठलं औषध देणार होतो? तिने सगळं सांगितलं असतं, तर आपण त्याला एक नाव दिलं असतं, आणि नाव दिलं की लगेच चालेल की चालणार नाही ते ठरवलं असतं. आजवर तिच्या सुखाबद्दल आपण तिला एक अक्षर विचारलं नाही. बाबा असताना विचारायची गरजच वाटली नाही. तेव्हा सगळं रीतसर होतं. ती तेव्हा सुखात होती का गं? मला खरंच माहीत नाही. तुला माहीत आहे?

आता मुख्य गोष्ट. आई काल त्यांच्याकडे राहायला गेली. बॅग मीच भरून दिली, दुकानावरच्या त्यांच्या खोलीपर्यंत तिला मीच पोचवलं. लग्न करणार का, हे मी विचारलं नाही. दोन खिडक्या आहेत, उजेड चांगला येतो, एवढंच तुला सांगू शकते. ‘ती तिथे गेली तर मला आई नाही’ हे तुझं वाक्य मी तिला कळवलेलं नाही आणि कळवणार नाही. पण मी तिथून निघताना तिने माझा हात धरला. आईचे प्रश्न तुला ठाऊक आहेत, उत्तर आधीच हातात असायचं. काल पहिल्यांदाच तिने असं काही विचारलं, ज्याचं उत्तर तिला माहीत नव्हतं. म्हणाली, “ताई येईल का गं?”

तुझीच,
धाकटी