दह्याचं पथ्य

४ फेब्रुवारी

आहारबाईंनी आज वर्गच घेतला. रुग्णालयातलं त्यांचं खरं पद बरंच लांबलचक आहे, पण ही त्यांना आहारबाई म्हणते, तेच माझ्याही तोंडी बसलंय. भिंतीवर आतड्याचं चित्र, हातात छडीऐवजी पेन. अँटिबायोटिकने वाईट जंतूंबरोबर चांगलेही मरतात म्हणे; दह्यातले जिवंत जिवाणू त्यांची जागा धरतात, पोट सावरायला मदत होते. 'प्रोबायोटिक' — शब्द वहीत उतरवून घेतला. दुकानातली बाटली आणू का विचारलं, तर म्हणाल्या, घरचं ताजं दही असताना कशाला?

ही पलंगावरून म्हणाली, "चाळीस वर्षं मी तेच सांगतेय. माझ्याकडे चित्र नव्हतं, एवढंच."

९ फेब्रुवारी

रोज वाटीभर नेतो. पोट ठिकाणावर आलंय. दुपारी शाळेतल्या कविता म्हणून दाखवतो. कडवं गाळलं की डोळे मिटूनच बोट वर करते. आज तीनदा केलं. त्या वर्गात मी पहिल्या बाकावर होतो, खिडकीतून चिंचेची सावली वहीवर पडायची... असो.

१७ फेब्रुवारी

नवं औषध सुरू झालं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार उतरल्या. आहारबाई स्वतः आल्या — घरचं दही बंद. मी वही उघडून दाखवली, तुम्हीच सांगितलेलं. रागावल्या नाहीत. "आजोबा, तेव्हा अंगात पहारेकरी होते. आता पाहुणा कितीही भला असला, तरी दार उघडायचं नाही."

पेशी वाढल्या की पथ्य सुटेल, असंही म्हणाल्या.

म्हणजे दही सुरू झालं की ही बरी. वहीत चौकट करून लिहिलं.

१८ फेब्रुवारी

"लावलं का?" हिने विचारलं. लावलं. खायचं नसलं तरी लावायचं, नाहीतर विरजण जाईल. लग्नात हिने आईकडून आणलेलं. तीन घरं बदलली, खंड पडला नाही.

२३ फेब्रुवारी

दही खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला देतो. म्हणतो, "पथ्य आजींना आणि बाळसं मला!" त्याची जुनी जळजळ थांबलीय म्हणे. हिला सांगितलं. हसली. बराच वेळ खोकली.

२ मार्च

हिला ताप. चार दिवस तिथल्याच बाकावर होतो. आज घरी आलो तर भांड्यात हिरवी बुरशी. ओतून दिलं. भांडं घासलं, पालथं घातलं. काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

३ मार्च

"लावलं का?"

लावलं म्हणालो.

४ मार्च

खोटं बोललो ते शिंप्याला सांगून टाकलं. तो आत गेला आणि वाटी घेऊन आला. माझ्या दह्यातला चमचाभर राखून त्याची बायको रोज लावत होती. "घ्या आजोबा. तुमचंच आहे. एक मजला खाली राहायला आलं होतं."

दूध कोमट केलं. बोट बुडवून पाहिलं. लावलं.

८ मार्च

काही नाही. कविता आठवली नाही. हिनेही विचारली नाही.

१२ मार्च

मोठे डॉक्टर आले. म्हणाले, "घरचं दही द्या. काहीही द्या, त्यांना आवडेल ते. पथ्य नाही आता." मी हात जोडले. पेशी वाढल्या ना, विचारलं. तर म्हणाले, आता रोज रक्त काढायचं नाही, उगाच सुया टोचायला नकोत. बरंच झालं, हात काळानिळा पडलाय. सोबत आलेली लेक बाहेर गेली, जिन्यात उभी राहिली. फोन आला असेल.

येताना जास्तीचं दूध घेतलं. शिंप्याला सांगितलं, उद्यापासून तुझी वाटी लहान. तो माझ्याकडे पाहत राहिला. वही उघडून ती चौकट पुन्हा वाचली.

१३ मार्च

दोन चमचे खाल्लं. जरा आंबट आहे म्हणाली. तोंड पुसलं, तेव्हा म्हणाली, "पथ्य का सुटलं, कळलं ना तुम्हाला?"

सकाळी वाटी भरताना कळलं, म्हणालो.

"मग उद्यापासून दूध निम्मं घ्या."

मान हलवली. घरी येऊन नेहमीएवढंच लावलं.