नाकाटोबाईंचा बारमाही उपास

॥ श्री गजानन प्रसन्न ॥
हर्नडन, अमेरिका, गुरुवार

चि. नेत्रा हिस आजीचे अनेक आशीर्वाद.

पार्सल पोचलं. कॉफी अर्धा किलो, केळीच्या सोपटाची चटई एक, मण्यांची माळ एक, पत्र चार पानी. टपालखर्च एक लाख पंच्याऐंशी हजार! आकडा वाचून मी देव्हाऱ्यापुढे मटकन बसले. ते तिकडचे शिलिंग, डॉलर पन्नासच, असं तुझ्या बाबाने सांगितलं तेव्हा उठले (तरी पन्नास म्हणजे काही थोडे नव्हेत). इकडे सर्व खुशाल, गुडघा सोडून. तुझं पोट बरं आहे ना?

कंपालात रोज परक्या माणसाच्या मोटारसायकलवर मागे बसून दवाखान्यात जातेस, वीज गेली की पेशंटची नावं पुन्हा हाताने वहीत उतरवतेस, हे वाचून जीव कासावीस झाला. तिथली पोरं तुला ‘इंडियन’ म्हणून हाका मारतात म्हणे. (इथे आपलीच माणसं तुला जन्मभर अमेरिकन म्हणाली. घरची ओळख पटायला सात हजार मैल जावं लागलं!) पण खरा घोळ जेवणाचा. तुला तिथे आणखी एक वर्ष राहायचंय आणि तुझ्या बाबाचा, निहारचा हेका, “सहा महिने सेवा केली, इनफ! तिला म्हणावं, परत ये.” म्हणून मी तुझी तक्रार मुद्दाम मोठ्याने वाचली: घरमालकीण नाकाटोबाई दोन्ही वेळा कसावा, रताळी आणि दाण्याची आमटी वाढतात. मी म्हटलं, अरे, ज्या कंदाचा साबुदाणा करतात तो हाच! हे तर उपासाचं ताट. बाई बारा महिने व्रतस्थ दिसतात, अशा घरी पोरीची काय काळजी? निहारने हातातला फोन खिशात टाकला. भजनी मंडळातही मी हे सांगितलं. आपली नागपूरची दीपा म्हणाली, “काकू, आपण महिन्यातून दोनच एकादश्या करतो, म्हणूनच मागे राहिलो.” टोमणाच होता, पण मी आशीर्वाद म्हणून घेतला.

मग घरी येऊन चटई उलगडली, तर आतून फोटो पडला. नाकाटोबाई हसतायत, पुढे आमटीचं पातेलं, आणि आमटीतून अख्खा सुका मासा मान वर करून माझ्याकडे बघतोय! तेवढ्यात निहार आला. मी फोटो पोथीत सारला. (मत्स्यावतार पहिलाच आहे, देव समजून घेईल.)

तुझी आजी
वसुधा

ता. क. निहारने वर्षाला होकार दिला! माझ्यामुळे.

ता. क. २. माझ्यामुळे नव्हे. आत्ता पोथीकडे बोट दाखवून म्हणाला, “आई, तो फिश नेत्राने माझ्या फोनवर मागच्याच आठवड्यात पाठवलाय. तू इतकं मनापासून सांगत होतीस, म्हटलं असू दे.” साबुदाण्याची खिचडी तुझ्याविना अर्धी उरते. ती आणखी एक वर्ष उरेल, एवढं लक्षात ठेव.

ता. क. ३. मुख्य काम राहिलंच. पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या एकादशीला सगळं मंडळ आपल्याकडे येऊन व्हिडिओवर नाकाटोबाईंचं दर्शन घेणार आहे. दीपाने ठरवलंय. त्या माउलीला माझा नमस्कार सांगून विनव, फक्त त्या दिवशी पातेल्यात मासा नको. जमेल की नाही ते उलट टपाली कळव, पन्नास डॉलर पडले तरी चालतील. फोनवर मात्र लिहू नकोस. माझे मेसेज मला दीपाच वाचून दाखवते.