नाइट्रोजन काले

१ जानेवारी २०२५, बुधवार. सकाळी ६.४०
बिस्किटांच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला सुरीने फट पाडत होतो. आईने विचारलं, हे काय नवीन? म्हटलं, दंडपेटी. आजपासून शुद्ध मराठी. तोंडून एक गुजराती शब्द गेला की पाच रुपये. तीन पिढ्या बडोद्यात राहून आपल्या भाषेची भेळ झाली आहे. आई म्हणाली, सरस. मग म्हणाली, चल, चा-नास्तो कर आधी. पंधरा रुपये झाले. दिले नाहीत.

दुसरा संकल्प: ३१ तारखेला लॅबचं कॉन्ट्रॅक्ट संपतं. मी नुसता बाटल्या धुणारा असिस्टंट नाही, हे त्याआधी लॅबच्या प्रमुख मॅडमना कळलं पाहिजे. टी.वाय.चे दोन पेपर राहिले म्हणून विज्ञान राहत नाही.

३ जानेवारी, शुक्रवार
लॅब सांभाळणाऱ्या हसमुखभाईंनी नमुने गोठवायच्या टाकीत द्रव नाइट्रोजन भरून घेतला. दर शुक्रवारी टेम्पो येतो. टाकी जुनी आहे, आठवड्यात बरीच उतरते.

टाकीत पूर्णिमाताईंच्या नळ्या आहेत. त्यांची पीएच.डी. काळ्या आजाराच्या परजीवीवर आहे. बिहारमधल्या पेशंटांकडून नमुने आणले: एक औषधाआधीचा, एक नंतरचा. शरीर बदललं, औषध बदललं, की हा एका पेशीचा जीव स्वतःला कसा बदलतो, हा प्रश्न. उत्तर मला पाठ आहे. तो एकेक जीन दुरुस्त करत बसत नाही, अख्खं गुणसूत्र जादा करून घेतो. गरज संपली की टाकून देतो. आपल्यात एक जादा झालं तर जन्माचं दुखणं, आणि त्याची नुसती सोय! नाइट्रोजनच्या थंडीत मात्र तो आहे तसाच राहतो. काहीच बदलत नाही.

या वहीत लिहायला हरकत नाही. दिवाळीत ताईंनी सांगितलं होतं, फ्लास्कमध्ये वाढवलेले परजीवी सगळे ब्लीच घालून टाकून दे, फार दिवस बाटलीत राहिले की बिघडतात. मी टाकले नाहीत. इन्क्युबेटरच्या खालच्या फळीवर, मागे ठेवले आहेत. दर थोड्या दिवसांनी नवं गुलाबी पाणी देतो. तेव्हा फ्लास्क भरायला चार दिवस लागत, आता दोन! बिघडलेली गोष्ट अशी वाढते का? सगळ्यांत हुशार सात नंबर.

ताई सात नंबर म्हणत नाहीत, नमुना जिचा तिच्या नावाने सुगनी म्हणतात. आठ वर्षांची होती. दोनदा औषध झालं, दसऱ्याच्या सुमारास गेली. तिच्याकडून पुन्हा काही आणता येणार नाही, म्हणाल्या. मी विचारलं, नी दीर्घ ना? त्या बघत राहिल्या. दीर्घच असावी.

९ जानेवारी, गुरुवार
ताई सोमवारपासून पाटण्याला. हसमुखभाई आज डभोईला गेले, वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. उत्तरायण करूनच परततील. बसमधून फोन. खडखडाट फार. एवढंच ऐकू आलं: "नाइट्रोजन काले, ध्यान राखजे."

म्हणजे काल, बुधवारीच, भरून ठेवला. मला सांगितलं नाही, पण माणूस कामाचा. एरवी मी गोंधळलो असतो. नऊ दिवसांच्या सरावाने कान शुद्ध झाला आहे. काल म्हणजे काल.

१० जानेवारी, शुक्रवार
आज मी लॅबचा पैसा वाचवला. अकरा वाजता नाइट्रोजनवाला टेम्पो घेऊन हजर. म्हटलं, परवाच भरून गेलात, एका आठवड्यात दोन बिलं? म्हणाला, परवा मी वलसाडला होतो, तुमच्या काकांनी भरला का? हसमुखभाईंना फोन लावा म्हणाला. वडील ऑपरेशन थिएटरात असताना त्रास देणं मला बरं वाटलं नाही. तो म्हणाला, बघा हं, आता उत्तरायण झाल्याशिवाय गाडी नाही. म्हटलं, नकोच आहे. जाताना वॉचमनला काहीतरी म्हणाला आणि दोघं हसले.

संध्याकाळी ताईंचा फोन. टाकी? म्हटलं, फुल्ल. काठी घालून पातळी पाहिलीस? हो म्हटलं. खरं तर पाहिली नव्हती. पण झाकण उघडलं की वाफ जाते. न उघडणं हीच खरी काळजी. परत आले की सुगनीची पहिली नळी काढायची आहे, म्हणाल्या. थीसिस तिच्यावरच उभा आहे.

१४ जानेवारी, मंगळवार
उत्तरायण. गच्चीवर पतंग कापला की "काप्यो" ओरडलो, अकरा वेळा. पंचावन्न रुपये. सणाला सूट असावी का, विचार करतो आहे.

१७ जानेवारी, शुक्रवार
टेम्पो आज आला नाही, मी नकोच म्हटलं होतं. टाकीजवळून गेलो. हात लावून पाहिला. झाकणाची कड नेहमी गार लागते, आज लागली नाही. खोलीत ऊन येत असेल. ताईंनी विचारलं तेव्हा काठी घातली असं सांगून झालं आहे, आता घालण्यात अर्थ नाही. सोमवारी हसमुखभाई येतीलच.

२१ जानेवारी, मंगळवार
हसमुखभाई काल आले नाहीत, आज ताईंबरोबरच आले. (काल म्हणजे सोमवारी.)

झाकण उघडलं. वाफ नाही. ताईंनी काठी घातली. गेली तशीच कोरडी बाहेर आली. त्यांनी पुन्हा घातली. मग आतला डबा उचलून एक नळी हातात घेतली, हातमोजा न घालता. पाणी झालं होतं. लेबल वाचलं: सुगनी, औषधाआधी. स्टुलावर बसल्या.

हसमुखभाई मला म्हणाले, अरे, गुरुवारी फोन करून काले म्हटलं ना तुला? मी म्हटलं, म्हटलंत ना, तेच तर. ते म्हणाले, तेच तर काय, डोबा? शुक्रवारी गाडी येणार हेच सांगितलं होतं. अशा वेळी आवाज चढवू नये.

आणि मग इन्क्युबेटर उघडून मी सगळे फ्लास्क टेबलावर मांडले. सगळ्यांत पुढे सात. म्हटलं, ताई, काही गेलं नाही. मी जिवंत ठेवलेत. मॅडम दारात होत्या. त्यांनीही पाहिलं. ताईंनी विचारलं, दिवाळीपासून? म्हटलं, हो, एकदाही खंड नाही. त्यांनी डोळे मिटले. थकव्यामुळे.

२२ जानेवारी, बुधवार
ताईंनी सातमधले परजीवी काचेवरच्या पांढऱ्या पेशींवर सोडले. शरीरात ते या पेशींच्या आत शिरून राहतात. इथे शिरले तर निदान काहीतरी उरलं, म्हणाल्या. शिरतीलच. थीसिसमध्ये आभार असतात. माझं नाव, हेरंब, 'रं'वर अनुस्वार, एकदा लिहून द्यावं म्हणतो.

२४ जानेवारी, शुक्रवार
ताईंनी मला मायक्रोस्कोपवर बसवलं. पेशी स्वच्छ. एक पाहिली, दहा पाहिल्या, ताई मोजत राहिल्या, मी नुसता बघत. आत कोणी नाही. बाहेर मात्र हजारो, शेपट्या हलवत, मजेत पोहत होते.

म्हटलं, जिवंत तर आहेत. ताई म्हणाल्या, आहेत ना. तुझ्या बाटलीचे आहेत. तीन महिने रोज आयतं मिळालं, तशी गुणसूत्रं करून घेतली त्यांनी. तिच्या अंगात कसे जगले, औषधातून कसे सुटले, ते सगळं टाकून दिलं. हे मी आता कोणाला विचारू?

आवाज चढला नाही. मग म्हणाल्या, तिच्या आईने विचारलं होतं, पोरीचं एवढं रक्त काढता, कशाला? मी सांगितलं होतं, दुसऱ्या मुलांच्या कामाला येईल.

मी म्हणणार होतो की दुप्पट वेगाने वाढतात, हेही काहीतरी आहेच. म्हटलं नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार. रात्री
मॅडमनी फ्लास्क टाकायला मलाच सांगितलं. शेवटचं काम नीट कर, म्हणाल्या. एकेकात ब्लीच घातलं. गुलाबी रंग उतरून पिवळट होतो. सातला सगळ्यांच्या शेवटी. लेबल काढून ठेवावं असं वाटलं, पण ते फक्त सात होतं. नाव मी कधी लिहिलंच नव्हतं.

टेम्पोवाला खाली भेटला. म्हणाला, काय साहेब, परवा भरू की काल?

आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, अरे, दूधवाला रोज दारात काले काले म्हणतो, तेव्हा बरं समजतं तुला, उद्या म्हणून. इथे काल पुढेही असतो नि मागेही. जन्म गेला तुझा इथे. मी म्हटलं, मला माहीत होतं. आणि खरंच, माहीत होतं.

मग तिने विचारलं, दुसरी नोकरी केव्हा बघायला जाणार?
काले, म्हटलं.
ती म्हणाली, जाऊन आलास की जायचा आहेस?

महिन्याचा हिशेब.
पतंग, फिरकी: ३४०. पेट्रोल, तरसाली ते लॅब: १,१५०.
दंडपेटीत जमा: ८५. आईकडून येणे: ६१५, देणार नाही.
लॅबचे वाचवले: एका खेपेचा नाइट्रोजन, २,४००.
देणे: एका शब्दाचा दंड, ५.