छत्तीस फोटो आणि एक झाकण

मस्कत, दि. ६ मे १९८४

प्रिय आक्कास,
ज्ञानदेवचा सप्रेम जय भीम. वि. वि.

मी इथे ठणठणीत आहे. ऊन एवढं आहे की वायरिंग करताना पक्कड हातात धरवत नाही, पण त्याची आता सवय झाली. पिरंगुटचा सोपान, जो इथे माझ्याच खोलीत राहतो, तो दोन महिन्यांच्या रजेवर येतोय. त्याच्याबरोबर एक जपानी कॅमेरा आणि दोन रंगीत रोल पाठवतोय. कॅमेरा लहानसाच आहे, तुझ्या ओंजळीत मावेल. कशासाठी ते तुला सांगायला नको. सुजाता तीन महिन्यांची झाली आणि मी अजून तिचं तोंड पाहिलेलं नाही. इंदू पत्रात लिहिते की नाक तुमच्यावर गेलंय. आई म्हणते, डोळे आजोबांचे. मी रोज वेगवेगळं तोंड डोळ्यांपुढे आणतो आणि एकही खरं वाटत नाही. करार संपायला अजून वर्ष आहे.

कॅमेऱ्याबरोबर कडक चामड्याची पेटी आहे, गळ्यात अडकवायचा पट्टा आहे आणि भिंगावर बसवायचं काळं झाकण आहे. झाकण कॅमेऱ्याबरोबर मिळत नव्हतं. मी मुद्दाम वेगळं घेतलं. दुकानदार हसला, पण आपल्याकडचा पाऊस त्याला काय ठाऊक. आता नीट वाच. भिंग उघडं ठेवायचं नाही. धूळ, चुलीचा धूर, दमट हवा, काही लागता कामा नये. एकदा ओरखडा पडला की कायमचा. पट्टा गळ्यात घातल्याशिवाय कॅमेरा हातात घ्यायचा नाही. लहानपणी माझी पाटी तू दोनदा फोडलीस, ते मी विसरलेलो नाही.

बाळाचे, इंदूचे आणि आईचे भरपूर फोटो काढ. आई नको म्हणेल, तरी काढ. उत्तर लवकर पाठव.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा भाऊ,
ज्ञानदेव

माले, दि. ४ जून १९८४

चि. ज्ञानदेव यास,
आक्काचा सप्रेम जय भीम आणि आशीर्वाद. वि. वि.

सोपान स्वतः येऊन कॅमेरा देऊन गेला. आईने त्याला भाकरी खाऊ घातल्याशिवाय सोडलं नाही. कॅमेरा घरात आल्यापासून आपल्याकडे दोन बाळं झाली आहेत. एकाला दुपट्यात गुंडाळायचं, दुसऱ्याला पेटीत. आई कॅमेऱ्याच्या जवळून जाताना पावलं न वाजवता जाते. मी कारण विचारलं तर म्हणाली, उगं धक्का नगं लागाया, पोरानं लई लांबनं धाडलाय.

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं आणि सगळं अक्षरशः पाळलं. शाळेला सुट्टी असल्याने वेळही होता. परवा सकाळी अंगणात उजेड चांगला होता तेव्हा पहिला रोल पूर्ण संपवला, छत्तीसच्या छत्तीस. तू पाठवलेला पिवळा झबला सुजाताला घातला होता. इंदूने लग्नातलं हिरवं पातळ नेसलं. आई आधी घरात जाऊन बसली. मग इंदूने, मोठेपणी नातीला आजी कशी होती ते कुणी दाखवायचं, असं विचारल्यावर मुकाट्याने बाहेर आली, आणि बसली ती अशी ताठ, जणू तलाठ्यासमोर अंगठा द्यायला बसली आहे. एका फोटोत सुजाता जांभई देते आहे, एका फोटोत आईच्या नाकातली चमकी ओढते आहे. डोळ्याला कॅमेरा लावला की इतकं स्वच्छ दिसत होतं की मलाच नवल वाटलं.

आणि तुझ्या नाजूक भिंगाची काळजी करू नकोस. पट्टा गळ्यात होता. झाकण तर मी एक क्षणही काढलं नाही. शेजारची धोंडाबाई अंगण झाडत होती, धूळ उडत होती, तरी तुझ्या भिंगाला कणभर लागली नाही. पाटी फोडणारी हीच का बहीण, असं तुला वाटेल.

रोल पुण्याला धुवायला दिला आहे. आठवड्याने मिळेल. फोटो आले की लगेच पाठवते.

तुझी खुशाली ऐकायला आतुर,
आक्का

मस्कत, दि. १९ जून १९८४

प्रिय आक्कास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझं पत्र आज मिळालं. घाईत लिहितोय, डबा खायच्या सुट्टीत. झाकण एक क्षणही काढलं नाही, असं तू लिहिलंयस. म्हणजे फोटो झाल्यावर म्हणतेस ना? फोटो काढताना तर काढलं होतंस? या कॅमेऱ्यात आपण बघतो ती खिडकी वेगळी आणि फोटो येतो ते भिंग वेगळं. खिडकीतून सगळं दिसतं, भिंगावर झाकण असलं तरीही. हे मी लिहायला हवं होतं. मला वाटलं, ते कुणालाही कळेल.

तसं नसेल तर हसून सोडून दे. लगेच कळव.

तुझा,
ज्ञानदेव

माले, दि. १ जुलै १९८४

चि. ज्ञानदेव यास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझं पत्र काल आलं, पण मला ते आधीच कळलं होतं. तुला लिहायचा धीर होत नव्हता, म्हणून दोन आठवडे गप्प राहिले.

रोल आणायला गेले तर स्टुडिओतल्या माणसाने माझ्यापुढे एक कोरी नारिंगी पट्टी ठेवली. मी म्हटलं, ही माझी नव्हे. तो म्हणाला, पावती तुमचीच आहे. मग मी जरा आवाज चढवला, धुताना तुम्हीच बिघडवला असेल, असंही बोलले. त्याने शांतपणे कॅमेरा मागितला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं की फोटो काढताना हे झाकण कुठे होतं. ज्ञानदेव, तिसरीच्या वर्गात सूचना नीट वाचा म्हणून रोज ओरडणारी बाई मी. तिथे उभ्या उभ्या माझे कान तापले. त्या माणसाची माफी मागितली आणि बाहेर पडले.

घरी आल्यावर इंदूला सांगितलं. ती काही बोलली नाही. भांडी घासून झाली, बाळाला पाजून झालं, तरी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने तो पिवळा झबला सुजाताला घालून बघितला, तर तो काखेत बसेना. तेव्हा ती एवढंच म्हणाली की आक्का, तेवढी लहान ती आता पुन्हा व्हायची नाही. मला रागावली असती तर बरं वाटलं असतं. तुझ्या मुलीचा एक महिना मी हरवला. तो कुठून आणून देऊ?

आई मात्र सगळ्यांत आधी हसली. म्हणाली, म्या तवाच मनात म्हनत हुते, त्येच्या तोंडाला फडकं बांदून त्येला दिसंल कसं. तू तेव्हा का नाही बोललीस, असं मी विचारलं तर म्हणे, मास्तरीणबाईला कोन शिकवनार.

मग रविवारी मी हट्टाने कॅमेरा घेऊन पुन्हा पुण्याला गेले. कॅम्पात कॅमेऱ्यांचं एक जुनं दुकान आहे, तिथल्या म्हाताऱ्या मालकांपुढे सगळा प्रकार सांगितला. ते हसले नाहीत. म्हणाले, असं महिन्याला एक गिऱ्हाईक येतं. त्यांनी पातळ कड्यात बसवलेली एक साधी, बिनरंगाची काच दाखवली. भिंगावर फिरवून बसवायची आणि तशीच राहू द्यायची. धूळपाणी तिच्यावर बसतं आणि फोटो तिच्यातून येतो. याला फिल्टर म्हणतात. ती मी तिथेच बसवून घेतली. चामड्याची पेटी बघून मात्र त्यांनी मान हलवली. मुळशीच्या पावसात चामडं ओल धरतं, बुरशी आधी त्याला लागते आणि मग भिंगाला. खरंच, शिवणीत पांढरी लव धरली होती. त्याऐवजी त्यांनी तीन पिशव्या समोर टाकल्या. एक रेक्झिनची, ती वासानेच नको झाली. एक सुंदर होती, पण तिचा बंद सोडायलाच दोन हात लागत होते. मी तिसरी घेतली, साध्या जाड कापडाची, आत मऊ अस्तर आणि वर चेन. झटकन उघडते.

रात्रंदिवस कॅमेरा आता बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असतो, सोबत भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी. तांदूळ ओल ओढून घेतो, असं मालक म्हणाले. आई म्हणते, आता वरनं तूप बी वाढा त्येला.

दुसरा रोल घातलेला नाही. हात धजत नाही. तू रागाव, पण लिही.

तुझी,
आक्का

मस्कत, दि. १५ जुलै १९८४

प्रिय आक्कास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

खोटं कशाला सांगू, पत्र वाचून मला वाईट वाटलं. संध्याकाळी समुद्राच्या बाजूला एकटाच जाऊन बसलो. त्या छत्तीस फोटोंची मी इथे भिंतीवर जागासुद्धा करून ठेवली होती. पण तिथे बसल्यावर एक गोष्ट लक्षात आली. चूक तुझी कमी आणि माझी जास्त. मी तुला पानभर लिहिलं ते सगळं कॅमेरा जपण्याबद्दल. फोटो कसा काढायचा याबद्दल एक ओळही नाही. खरी गोष्ट ही की मलाही तो काढता येत नाही. मी आयुष्यात एकही फोटो काढलेला नाही. त्या दुकानात मी तासभर पेटी, पट्टा, झाकण बघत उभा होतो. मला माझं बाळ जपता येत नाही, आंघोळ घालता येत नाही, पावसात पांघरूण घालता येत नाही. मग जे हातात होतं ते जपत बसलो.

म्हणून आता ऐक. रोल घाल. कॅमेरा भिजला तर भिजू दे, पडला तर पडू दे, दुसरा घेता येईल. घर आवरून, पातळं नेसून फोटो नकोत. लावणी चालू असेल ना? ओढ्याकाठच्या खाचरात सगळ्या जाल तेव्हा घेऊन जा. मला चिखल बघायचाय. इथे आल्यापासून एकदाच पाऊस पडला, आणि तोही आम्ही कामावर असताना.

इंदूला वेगळं पत्र लिहिलंय. तिला सांग, तिच्या न बोलण्याबद्दल मी काही रागावलो नाही. आणि आक्का, तूही तिच्यावर रागावू नकोस.

माझ्या वाटचं आईच्या पाया पड.

तुझा धाकटा,
ज्ञानदेव

माले, दि. २४ ऑगस्ट १९८४

चि. ज्ञानदेव यास,
सप्रेम जय भीम आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि.

सोबत फोटो आहेत. आधी ते बघ आणि मग पत्र वाच. तू तसंच करशील हे मला माहीत आहे.

बघितलेस? आता सांगते. यंदा लावणी लांबली, म्हणून तुझं पत्र वेळेवर पोचलं. पाऊस थांबायचं नाव घेईना. दुकानातल्या मालकांनी सांगितल्याप्रमाणे मी कॅमेऱ्यावर प्लास्टिकची पिशवी चढवली, भिंगापुढे गोल भोक पाडलं आणि पिशवी फिल्टरच्या कड्यावर रबराने घट्ट बसवली. कॅमेरा अगदी इरलं घेतलेल्या बाईसारखा दिसत होता. खिडकीतून धूसर दिसायचं, तरी अंदाजाने काढत गेले. प्रत्येक वेळी इंदू विचारायची, झाकण काढलंत का? झाकण घरीच फळीवर होतं, तरी विचारायची. पहिल्यांदा मला लागलं. तिसऱ्या वेळेला आम्ही दोघी हसत सुटलो आणि तो विषय संपला.

बांधावर इरल्याखाली सुजाता आईच्या मांडीवर आहे, तो फोटो चांगला आलाय. आई अजिबात ताठ बसलेली नाही, कारण फोटो काढतेय हे तिला कळलंच नाही. ज्या फोटोत मी चिखलात गुडघाभर उभी आहे आणि तोंड उघडं आहे, तो इंदूने काढला. तो कुणाला दाखवू नकोस.

मग एक घोटाळा झाला. बांध चढताना माझा पाय सरकला. पट्टा गळ्यात होता म्हणून कॅमेरा पाण्यात गेला नाही, पण दगडावर आपटला. बघते तर फिल्टरच्या काचेला आडवी चीर गेलेली. इंदूने ती हळूच फिरवून काढली, तर आतलं भिंग जसंच्या तसं. घरी येऊन उरलेले चार फोटो ओट्यावर काढले, काचेशिवाय. तिथे सुजाताला कॅमेऱ्याचं फार नवल वाटलं. ती रांगत पुढे आली आणि मी बटण दाबतेय तोच तिने थेट भिंगावर पंजा ठेवला. त्यामुळे तो फोटो वाया गेला. नुसता तांबूस अंधार आणि कडेला बोटांच्या सावल्या. टाकूनच देणार होते, पण मोजून छत्तीस पाठवायचे होते, म्हणून घातला.

भिंग मऊ कापडाने पुसलंय. काळजी नसावी.

तुझ्या पत्राची वाट बघणारी,
आक्का

मस्कत, दि. ७ सप्टेंबर १९८४

प्रिय आक्कास,
सप्रेम जय भीम. वि. वि.

पाकीट कामावर असतानाच मिळालं. उघडलं नाही. हात ग्रीसने भरले होते. संध्याकाळी आंघोळ करून, कपडे बदलून खोलीवर बसलो आणि मग उघडलं. सोपान शेजारीच होता. पहिला फोटो बघून तो काहीतरी बोलला, मला ते ऐकूच आलं नाही.

नाक माझंच आहे. डोळे कुणाचेच नाहीत, तिचे स्वतःचे आहेत. इतक्या दिवसांत मी मनाशी जेवढी तोंडं रंगवली, त्यांतलं एकही तिचं नव्हतं. आई वाळली आहे, तिला दूध घ्यायला लाव. इंदू हसतेय तो फोटो मी उशीखाली ठेवलाय, हे तिला सांगू नकोस. नाहीतर सांग. तुझा चिखलातला फोटो सगळ्या खोलीने बघितला. आम्ही आठजण आहोत. केरळच्या एकाने विचारलं की या बाई कोण. मी म्हटलं, माझ्या मास्तरीणबाई.

फोटो हातोहात फिरले, चहाचे डाग पडले, एकाचा कोपरा दुमडला. सोपान म्हणाला, प्लास्टिकच्या पाकिटात घालू या. मी नको म्हटलं. बघू देत सगळ्यांना.

भिंतीवर चौतीस लावलेत. तू टाकून देणार होतीस तो मात्र लावला नाही. तो खिशात असतो. मी त्यावर माझा पंजा ठेवून बघितला. आक्का, बाकीच्या फोटोंत ती कॅमेऱ्याकडे बघतेय, आईकडे बघतेय, चिखलाकडे बघतेय. त्या एकात ती माझ्यापर्यंत आली.

इंदूला आणि आईला जय भीम. सुजाताला माझ्या वतीने जवळ घे.

तुमच्या सगळ्यांच्या मायेत राहू इच्छिणारा,
ज्ञानदेव