काठीचं वाक्य

१५ एप्रिल, औसा

ग्यानोबाकाका गेले. दुपारीच गेले आणि संध्याकाळी माती झालीसुद्धा. मी जयंतीच्या व्यासपीठावर होतो, फोन बंद!

भाषण चांगलं झालं होतं. सुरुवात नेहमीप्रमाणे वडिलांपासून – ते छप्पन्न साली नागपूरला दीक्षेला गेले, परत येऊन येसकरकी, म्हणजे वेशीवरच्या राखणीची वेठ, सोडली, म्हणून मी शाळेत गेलो. आणि शेवट काठीच्या वाक्यावर: "त्या दिवशी जो येसकराची काठी धरून वेशीवर उभा राहिला, तो जिवंत असून मेलेला होता!" मैदान दणाणलं. खाली उतरलो, फोन सुरू केला, तर धुरपताकाकींचा फोन. रडत नव्हत्या. म्हणाल्या, "तुझे काका गेले रे आनंदा. रविवारी पुण्यानुमोदन हाय. तूच बोल. दुसऱ्या कुणाचं ऐकू बी येत न्हाई मला."

१६ एप्रिल, नांदेड

सकाळपासून टेबलाशी. कागद कोरा.

काय लिहू? नागपूरला गेलेल्या आमच्या गावच्या माणसांपैकी हे शेवटचे. दर जयंतीला मी त्यांना हात धरून व्यासपीठावर आणायचो – "यांच्या कानांनी ते शब्द ऐकले आहेत!" काका हात जोडायचे, "जयभीम" म्हणायचे, परत खांबाजवळ जाऊन बसायचे. वंदनेलासुद्धा ओठ तेवढे हलायचे. त्यांचं एक पूर्ण वाक्य आठवायचा प्रयत्न करतोय. "चहा घे." एवढंच!

महामाया चहा ठेवून गेली. "तुम्ही कधी त्यांना बोलू दिलंत तर आठवेल ना." बायको आहे की विरोधी पक्ष!

आणखी एक. काठीच्या वाक्याला सगळं गाव टाळ्या वाजवायचं. काका हात धोतराच्या घडीत घालून बसायचे. मला वाटायचं, संधिवात.

१७ एप्रिल

कंधारची बस पकडून गावी गेलो. काकी ओसरीवर चिंचा फोडत बसलेल्या. आजूबाजूला टरफलं, बोटं तांबडी. मी म्हटलं, काकी, काकांची नागपूरची एखादी आठवण सांगा. रविवारी त्यावरच बोलतो.

"कुठलं नागपूर?"

दीक्षेचं, म्हटलं.

"ते गेले कवा नागपूरला?"

मी हसलो. वय झालंय, वाटलं. काकी हसल्या नाहीत.

"समदे निघाले हुते. पाटलाचा निरोप आला – वेशीवर काठी दिसली न्हाई तर माघारी येऊ नका, घरं जागेवर ऱ्हाणार न्हाईत. मंग कोणतरी ऱ्हायला पायजे का न्हाई? ह्यांना मिसरूड बी फुटलं नव्हतं. म्हणले, तुमी जा, मी उभा ऱ्हातो."

वेशीवर उभं राहायचं, दवंडी द्यायची, मेलेली ढोरं ओढायची. सगळ्यांच्या वाट्याचं एकट्यानं! सगळे तिकडं ती काठी कायमची सोडायला गेले, आणि इकडं हे पोरगं तीच काठी धरून उभं!

काकी, मला कधी सांगितलं का नाही?

"तू इचारलं का? तू बोलाय लागला की चहा निवतो, तरी तुझं संपत न्हाई."

मग विचारलं – तेव्हा येसकरकीची पाळी कुणाच्या घराची होती? पाळी तर घरोघर फिरायची.

काकींनी चिंचांची पिशवी पुढं केली. "महामायाला दे. आमटीला बऱ्या हायेत."

१८ एप्रिल

काहीच नाही लिहिलं. कुठल्या कुठल्या गावात ते वाक्य टाकलं ते आठवत राहिलो. निम्म्या सभांत काका समोर बसलेले! आधी त्यांना व्यासपीठावर उभं करायचं, मग त्यांच्याच तोंडावर त्यांना मेलेला म्हणायचं. एवढी पुस्तकं वाचली. गुलामगिरीवर तासभर बोलतो. एकदाही हा प्रश्न पडला नाही, की सगळे गेले तर मागं गाव कुणी सांभाळलं?

१९ एप्रिल

खरं सांगितलं तर लोक काय म्हणतील? "हे तर येसकरच राहिले" – असं त्यांच्या माघारी कुणी म्हणालं तर? नाही सांगितलं तर पुन्हा तेच खोटं, तेही त्यांच्या फोटोसमोर. महामाया म्हणाली, "खोटं बोलायचं नसेल तर गप्प बसायचं. पण ते तुम्हाला जमणार नाही."

सांगणार आहे.

२० एप्रिल, रात्री

सांगितलं. कागद नेला नव्हता. पांढऱ्या कपड्यांत सगळं गाव विहारात बसलेलं. म्हटलं, काका नागपूरला गेले नव्हते. ते इथं उभे राहिले म्हणून बाकीचे जाऊ शकले. ते काठीचं वाक्य मी परत घेतो, यापुढं कुठंही म्हणणार नाही.

टाळी नाही.

जेवताना शेजारी उत्तमराव – वर्गातला माझा सोबती. हळूच म्हणाला, "आम्हाला ठावं हुतं की."

कुणाला?

"समद्यांला. काकांनीच ताकीद दिलेली – आनंदाला सांगू नका."

का?

उत्तमरावनं वरण मागितलं. पंगतीत जो तो आपल्या ताटात बघत होता. काठीचा प्रकार सगळ्यांना माहीत होता, मग माझ्यापासूनच कशाला लपवायचा?

२१ एप्रिल, नांदेड

सकाळी काकींचा फोन. चिंचा कशा निघाल्या विचारलं. मग म्हणाल्या – "ती पाळी तुझ्या बापाची हुती, आनंदा. ह्यांनी मागून घेतली. आमाला म्हणायचे, त्याला कळू देऊ नका, पोराचं बोलणं बंद पडंल."

खाली शिरूर अनंतपाळच्या सभेची गाडी हॉर्न वाजवतेय.