सोड्याला सुटलेलं पाणी

बाबा, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली आणि ही गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही. मालवणच्या शाळेत तुम्ही प्रयोगशाळेचे शिपाई होतात. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्या पुसून कपाटात लावायच्या. निवृत्त झाल्यावर आपल्या तोंडवली गावाहून एकटेच, गाड्या बदलत, मी संशोधन करत होते ती संस्था बघायला आलात. नेमकी तेव्हा मी रडकुंडीला आले होते. सोन्याचा मुलामा दिलेल्या काचेवर आम्ही रेणूंचा अगदी पातळ थर चढवायचो आणि क्ष-किरण टाकून ते रेणू हायड्रोजन बंधाने एकमेकांना कसे धरून राहतात ते पाहायचो. आलेखात भलत्याच जागी एक उंचवटा येत होता. माझे सर म्हणत, नवा बंध सापडला. मला ते पटत नव्हतं आणि खोडताही येत नव्हतं.

तुम्ही माझ्या मागे उभे आहात, बराच वेळ संगणकाच्या पडद्यावरच्या आलेखाकडे बघताय. मग हळूच म्हणता, "गो, हेका वारो लागता काय? पावसात आमच्या कॉस्टिक सोड्याक पाणी सुटता, तसा झाला नसात?" खोलीतले माझे दोन सहकारी हसले. घरी तुमच्याशी मालवणीत बोलणारी मी पुस्तकी मराठीत म्हणाले, "बाबा, तुम्हाला यातलं कळत नाही. बाहेर बसा." तुम्ही "बरा" म्हणालात आणि संध्याकाळपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहिलात.

तुम्ही गावी परतल्यावर मी एक नमुना अजिबात हवा लागू न देता यंत्रात नेला. उंचवटा नाहीसा झाला. थर चढवून तो यंत्रापर्यंत नेताना दोन मिनिटं हवा लागत होती, तेवढ्यात त्यावर पाणी बसत होतं आणि रेणू त्या पाण्यालाच धरत होते. त्यावर लिहिलेल्या शोधनिबंधावर मला नोकरी लागली. तुम्ही फोनवर विचारलंत, "गावला काय गो ता?" मी म्हटलं, "हो, सापडलं. यंत्रात बिघाड होता." तुम्ही म्हणालात, "बरा झाला. माका वाटला, मी उगाच मधी बोललंय."

हे पत्र मालवणीत लिहायला घेतलं होतं, जमलं नाही. आता माझ्या हाताखाली विद्यार्थी आहेत. नमुन्याला हवा लागू देऊ नका, हे शिकवताना मी त्यांना हा प्रसंग दरवर्षी सांगते. त्यात तुम्ही नसता. "मला शंका आली," असं म्हणते. परवाही मी तसंच म्हणाले.