नवऱ्याची सही

निरंजनराव,

रंजिताचा पाळणा, तुमच्या लग्नातले पाट, दोन्ही नातवंडांचे पांगुळगाडे मी माझ्या हातांनी केले. सुतारकाम मला कुणी शिकवलं नाही, तरी एक सांधा हलत नाही. तिसरं मूल मात्र रंजिताला नको होतं. दुसऱ्याच बाळंतपणात ती जेमतेम वाचली होती.

गर्भपातासाठी मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं, तर तिथल्या डॉक्टर बाई म्हणाल्या, "नवऱ्याची सही आणा."

"मी बाप आहे, मी करतो."

"काका, बापाची नाही चालत."

कायद्याला एकट्या तिची सही पुरते, हे मी नंतर वाचलं. तुम्हाला सुरतेला फोन केला, तर तुम्ही हसलात. "दिवाळीला येतो ना मामा, देख लेंगे."

दिवाळीपर्यंत मुदत टळली असती. मला न सांगता ती खेड्यातल्या एका बिनडिग्रीच्या डॉक्टरकडे गेली. परतली ती रक्तानं भिजून, आणि सकाळी गेली.

हे पत्र मी टपालपेटीत टाकणार नाही. नातवंडं तुमच्या घरी आहेत, आणि मला त्यांना भेटायचं आहे.

काल त्या डॉक्टरचा भाऊ बुधवारा पेठेतल्या माझ्या घरी आला. म्हणाला, "पोलिसातली तक्रार मागे घ्या. जावई तर तयार आहेत." मी त्याला दारातूनच परत पाठवलं. तीन लाख देत होता.

रंजिताचा बाप,
गिरधर